चुकांची वंशावळ



उत्क्रांतीवर लिहायची माझी पात्रता शून्य. बारावीला बायॉलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या असंख्य मुलांपैकी मी एक. तरीही हा लेखप्रपंच करतोय, कारण गेलं वर्षभर एका प्रश्नानं डोकं खाल्लं आणि त्याचं उत्तर शोधताना जो इतिहास हाती लागला तो एकट्यानं वाचून ठेवून द्यावा असा नाही. जरा लांबलंय, तेव्हा चहा घेऊन बसा.

प्रश्न आला तो ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर. आमच्या टीममधला एक जण, कामात अत्यंत हुशार, स्वभावानं त्याहून चांगला, दर रविवारी चर्चमध्ये लहान मुलांचा वर्ग घेतो. माझ्या मुलीच्या शाळेतल्या प्रोजेक्टवरून विषय निघाला आणि मी सहज बोलून गेलो की माणसाचा आणि चिंपांझीचा डीएनए जवळजवळ सारखाच आहे, आता आणखी काय पुरावा हवा? तो शांतपणे म्हणाला, "सारखा आहे, मान्य. पण तू आणि मी पाच प्रॉडक्ट्समध्ये एकच लायब्ररी वापरतो. म्हणून एक प्रॉडक्ट दुसऱ्याच्या पोटी जन्मलं का? कारागीर एक आहे, एवढंच त्यातून कळतं."

मला उत्तर देता आलं नाही. खरं सांगायचं तर चांगलाच ओशाळलो. कारण हीच वेळ आधीही एकदा आली होती. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) एका वैदिक संमेलनाच्या वेळी तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धांत शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांपैकी कुणी पाहिल्याचं सांगितलेलं नाही, अशा अर्थाचं विधान केलं होतं. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून त्याचा प्रतिवाद केला. मी मात्र आमच्या घरच्या ग्रुपवर "काय हा अडाणीपणा" असं लिहून मोकळा झालो. त्यावर आमचे एक काका, निवृत्त मराठीचे मास्तर, त्यांनी एका ओळीत लिहिलं, "मग तू सांग की पुरावा. इंजिनियर ना तू?" आणि मी गप्प.

म्हणजे मी उत्क्रांती का मानत होतो? पुस्तकात होती म्हणून. माझा सहकारीही त्याचं पुस्तक मानतो ते पुस्तकात आहे म्हणूनच. मग आमच्या दोघांत फरक तो काय? ही गोष्ट मला फार लागली.

उत्तराचं पहिलं टोक सापडलं ते मात्र प्रयोगशाळेत नाही, तर पुण्यात, लॉ कॉलेज रोडवर.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढायचं काम १९१९ साली हाती घेतलं. १९२५ पासून वि. स. सुखटणकर त्याचे प्रमुख संपादक होते. हा माणूस मुळात केंब्रिजला गणित शिकलेला, मग बर्लिनला जाऊन संस्कृतात डॉक्टरेट केलेला (आपल्यासारख्यांनी कॉलर ताठ करावी असा तपशील!). काम संपलं १९६६ मध्ये, एकोणीस खंड आणि बाराशेहून अधिक हस्तलिखितं तपासून. काश्मीरची शारदा लिपीतली पोथी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, मल्याळम, सगळ्या वेगवेगळ्या. मूळ व्यासांची प्रत कुणाकडेच नाही. मग कुठली पोथी कुठल्या पोथीवरून उतरवली हे ठरवायचं कसं?

इथे एक साधी पण भन्नाट युक्ती आहे, आणि जगभरचे पोथ्यांचे अभ्यासक ती वापरतात. दोन पोथ्यांत एखादा श्लोक बरोबर आणि सारखाच असेल, तर त्यावरून त्यांचं जवळचं नातं ठरत नाही. बरोबर पाठ कुठूनही येऊ शकतो. पण दोन पोथ्यांत एकच ओळ गळलेली असेल, एकाच जागी तोच निरर्थक शब्द असेल, किंवा मागाहून घुसडलेला तोच मजकूर त्याच ठिकाणी असेल, तर त्या दोन्ही एकाच आधीच्या पोथीवरून आलेल्या. लेखनिकाची डुलकी ही सहीसारखी असते. दोन वेगळ्या गावांतले दोन वेगळे लेखनिक नेमक्या त्याच अक्षरावर डुलकी घेत नाहीत. व्यास सांगताहेत आणि गणपती लिहून घेतोय ही आपल्या सगळ्यांची आवडती कथासुद्धा अशाच छाननीत मूळ संहितेतून बाहेर पडून परिशिष्टात गेली.

याच युक्तीचं आपल्या धंद्याशी जवळचं उदाहरण म्हणजे चार्ल्स बॅबेज. हो, तोच, कॉम्प्युटरचा आजोबा. १८२७ साली त्यानं लॉगॅरिदमच्या बऱ्याच कोष्टकांत सामाईक असलेल्या चुकांवर एक टिपण प्रसिद्ध केलं. (बारावीच्या परीक्षेत घामेजल्या हातांनी उलटलेली ती लॉग टेबलं आठवा.) आद्रियान फ्लाक या डच गणितज्ञानं १६२८ मध्ये छापलेल्या कोष्टकांतल्या काही चुका पुढे दोनशे वर्षं एकाची दुसऱ्यानं नक्कल करत चालू राहिल्या होत्या. लंडनच्या रॉयल सोसायटीत चिनी लिपीत छापलेली लॉगची कोष्टकं होती, कुठून घेतली याचा त्यात अवाक्षरानंही उल्लेख नाही. फ्लाकच्या सहा चुका त्यात शोधल्या, तर सहाच्या सहा हजर! बरोबर आकडे तर कुणीही स्वतः हिशेब करून काढू शकतो, ते सारखेच येणार. चुकीचे सहा आकडे मात्र स्वतंत्रपणे हिशेब करून सारखे येत नाहीत.

तेव्हा सहकाऱ्याच्या मुद्द्याला उत्तर द्यायचं तर माणूस आणि माकड यांच्यात चांगलं काय सारखं आहे हे शोधून उपयोग नव्हता. सारखं बिघडलेलं काय आहे ते शोधायला हवं होतं. हा विचार अर्थातच माझा नाही. एडवर्ड मॅक्स नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८६ मध्येच उतरवून घेतलेल्या चुका आणि जनुकं यांची ही सांगड घालून लेख लिहिला होता. मला तो सापडायला इतकी वर्षं लागली, एवढंच.

आता दुसरं टोक. ते समुद्रावर आहे, आणि त्यात गोवाही येतो.

५ ऑक्टोबर १४९८ रोजी वास्को द गामानं परतीसाठी अंजदीव बेट सोडलं. (बेट कारवारच्या समोर, पण सरकारदरबारी गोव्याचं.) येताना मोसमी वाऱ्यावर त्याची जहाजं आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून तीन-साडेतीन आठवड्यांत कालिकतला पोचली होती. परतताना वारा उलटा, आणि मधूनमधून अजिबात नाहीच. त्याच समुद्राला तीन महिने लागले. खलाशांच्या हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय काळेनिळे पडले, आणि तीसेक माणसं मेली. आधी जाताना जवळपास तितकीच गेली होती. जानेवारी १४९९ मध्ये मालिंदीला पोचल्यावर पहिली मागणी काय, तर आजाऱ्यांसाठी संत्री. पुढे जहाज चालवायलाच पुरेसे हात उरले नाहीत म्हणून तीनपैकी एक जहाज त्यांनी स्वतः जाळलं.

हा स्कर्व्ही. पुढची तीन शतकं त्यानं दर्यावर्दी देशांना छळलं. १७४७ मध्ये सॉल्सबरी नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या डॉक्टरानं बारा आजारी खलाशी घेऊन दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. कुणाला सायडर, कुणाला व्हिनेगर, कुणाला चक्क समुद्राचं पाणी, आणि एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. लिंबूवाल्यांपैकी एक सहा दिवसांत कामावर हजर झाला. वैद्यकातली ही पहिल्या नियंत्रित चाचण्यांपैकी एक. आणि ब्रिटिश आरमारानं लिंबाचा रस सक्तीचा कधी केला? १७९५ मध्ये. तब्बल अठ्ठेचाळीस वर्षांनी! सरकारी फायली तिकडेही तशाच सरकतात म्हणायच्या.

पण माझ्या मते या सगळ्यात खरा प्रश्न कुणी विचारलाच नाही. त्याच जहाजावर तीच वाळकी बिस्किटं खाणारे उंदीर होते. त्यांना स्कर्व्ही का होत नव्हता?

उत्तराची सुरुवात १९०७ साली नॉर्वेत झाली, तीही अपघातानं. अॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक यांना खरं तर जहाजांवर होणाऱ्या बेरीबेरीचा अभ्यास करायचा होता. त्यासाठी त्यांनी गिनीपिगना नुसतं धान्य खायला घातलं. गिनीपिगना बेरीबेरी न होता स्कर्व्ही झाला. माणूस सोडून दुसऱ्या प्राण्यात हा रोग असा मुद्दाम घडवून आणता येतो हे प्रथमच कळलं. नशीब असं की त्यांनी गिनीपिग निवडले. उंदीर निवडले असते तर वर्षानुवर्षं बसले असते वाट बघत.

पुढचं पटकन सांगतो. १९२८ मध्ये आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी या हंगेरियन शास्त्रज्ञानं एक नवीन पदार्थ वेगळा काढला. तो काय आहे हे कळेना म्हणून त्यानं 'मला माहीत नाही' अशा अर्थाचं 'इग्नोज' हे नाव सुचवलं. संपादक रागावल्यावर 'गॉडनोज' (म्हणजे देव जाणे) सुचवलं. तेही नाकारलं गेलं. १९३२ मध्ये सिद्ध झालं की हेच क जीवनसत्त्व, व्हिटॅमिन सी. मग सेगेद या गावच्या प्रसिद्ध पाप्रिका मिरच्यांतून त्यानं ते भरपूर प्रमाणात काढलं आणि १९३७ चं नोबेल पटकावलं.

आता उंदराचं कोडं. आपल्या शरीरातला कोलॅजेन नावाचा धागा नीट विणला जायला क जीवनसत्त्व लागतं. ते नसलं की हिरड्या, रक्तवाहिन्या, जुन्या जखमांचे व्रण, सगळं उसवायला लागतं. उंदीर, कुत्रा, गाय, शेळी यांनाही ते लागतंच, पण ते त्यांचं लिव्हर घरच्या घरी साखरेपासून बनवतं. शेळी तर रोज कित्येक ग्रॅम बनवते. बनवण्याची साखळी काही टप्प्यांची आहे. १९५७ मध्ये अमेरिकेत जे. जे. बर्न्स यांनी दाखवलं की माणूस, माकड आणि गिनीपिग यांच्यात नेमका शेवटचाच टप्पा होत नाही. त्या टप्प्यासाठी लागणारं एन्झाइम त्यांच्याकडे नाही. ज्या जनुकाच्या सूचनांवरून ते एन्झाइम बनतं, त्याचं सुटसुटीत नाव गुलो.

इथे कोलकाता येतं, आणि हे वाचून मी उडालोच. कोलकाता विद्यापीठात बिरेशचंद्र गुहा नावाचे मोठे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. आर. एन. रॉय यांच्याबरोबर त्यांनी १९५८ मध्ये 'नेचर'मध्ये दोन छोटे निबंध छापले. त्यांत एक शोध असा, की आपल्या अंगणात येणारा लालबुड्या बुलबुलही क जीवनसत्त्व बनवू शकत नाही. फळांशिवाय ठेवला तर पक्ष्यालाही स्कर्व्ही होतो! पुढे त्याच शहरात इंदुभूषण चॅटर्जी आणि सहकाऱ्यांनी बेडूक, सरडे, पक्षी, सस्तन प्राणी असे एकामागून एक तपासून जणू जीवसृष्टीची शिरगणतीच केली. बेडूक आणि सरपटणाऱ्या प्राण्यांत हे काम मूत्रपिंड करतं, सस्तन प्राण्यांत लिव्हर. काही पक्षी, काही वटवाघळं, गिनीपिग, माकडं आणि माणूस मात्र करूच शकत नाहीत. १९७३ मध्ये चॅटर्जींनी हे सगळं 'सायन्स'मध्ये उत्क्रांतीच्या चौकटीत मांडलं. आपल्या पुस्तकांतून यांची नावं का येत नाहीत, कोण जाणे. असो.

१९८७ मध्ये यात एक सुंदर भर पडली. लेमूर आणि लोरिस हे माकडांचे लांबचे नातेवाईक, ते क जीवनसत्त्व बनवतात असं दिसलं. टार्सियर हा बटाट्याएवढ्या डोळ्यांचा इवलासा प्राणी मात्र बनवत नाही. तो लेमूरकडचा की माकडांकडचा, हा प्राणिशास्त्रज्ञांचा जुना वाद होता. नाक आणि कवटी बघून काही जण म्हणत होते माकडांकडचा. लिव्हरची साक्षही त्याच बाजूनं निघाली.

आता पोथ्यांची युक्ती वापरा. टार्सियर, माकडं आणि माणूस हे एकाच पूर्वजाचे वंशज असतील आणि त्या पूर्वजाची गुलोची पोथी फाटली असेल, तर आपल्या प्रत्येकाच्या पेशीत ती फाटकी पोथी अजून सापडायला हवी, आणि ती सारखीच फाटलेली असायला हवी. उलट माणूस वेगळा आणि नव्यानं घडवला असेल, आणि लिंबू-आवळा खाऊन त्यानं जगावं अशी योजना असेल, तर त्याच्या डीएनएमध्ये या जनुकाचे तुकडे कशाला असतील? नवं प्रॉडक्ट लिहिताना जे फीचर द्यायचंच नाही, त्याचा मोडका कोड कुणी मुद्दाम पेस्ट करतो का? (आमच्या एका जुन्या क्लायंटकडे केला होता, पण ती वेगळी कथा.)

हे भाकीत तपासलं मोरिमित्सु निशिकिमी यांच्या जपानी गटानं. १९८८ मध्ये त्यांनी उंदराचं चालू गुलो जनुक मिळवलं. त्याचाच गळ करून त्यांनी माणसाच्या डीएनएमध्ये टाकला. गळाला लागलं! १९९४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की माणसाच्या आठव्या गुणसूत्रावर हे जनुक आहे, पण भग्नावस्थेत. उंदराच्या जनुकाचे बारा खंड असतात. माणसात त्यातले निम्म्याहून जास्त नाहीतच, आणि जे उरलेत त्यांत अक्षरं बदललेली, गळलेली.

अक्षर गळणं म्हणजे काय ते सांगतो, कारण पुढची सगळी मजा त्यात आहे. पेशी डीएनएचा मजकूर तीन-तीन अक्षरांच्या गटांत वाचते. समजा मजकूर आहे 'कमल नयन सदन मगर'. यातला 'नयन'मधला शेवटचा 'न' लेखनिकानं गाळला. पेशीला शब्दांमधली मोकळी जागा दिसत नाही, ती तिनातिनानंच वाचत जाते. मग होतं 'कमल नयस दनम गर'. एक अक्षर गेलं आणि तिथून पुढचं सगळं मुसळ केरात.

१९९९ मध्ये निशिकिमी आणि ओहता यांनी या जनुकाचा दहावा खंड, अवघी १६४ अक्षरं, माणूस, चिंपांझी, ओरांगउटान आणि मकाक माकड या चौघांत शेजारी शेजारी मांडून पाहिला. तो निकाल मी रात्री साडेअकराला स्वयंपाकघरात उभा राहून वाचला, आणि सदाशिव पेठेतल्या कुणा पंडिताला दोन पोथ्या जुळल्यावर काय वाटत असेल ते मला त्या क्षणी कळलं. एक अक्षर गळलंय. चौघांतही. आणि त्याच जागी.

पुढे, बाकीच्या किरकोळ चुका बघितल्या तर माणसाचा मजकूर चिंपांझीला सगळ्यात जवळचा, ओरांगउटानला त्याहून कमी, मकाकला आणखी कमी. म्हणजे हाडं आणि दात बघून शास्त्रज्ञांनी जी वंशावळ आधीच काढली होती, तीच पुन्हा.

"एकच लायब्ररी वापरली" हे उत्तर आता चालत नाही. चालणारी लायब्ररी पाच ठिकाणी वापरणं ही हुशारी. पण न चालणारी लायब्ररी, आतला तोच एक सेमिकोलन उडालेल्या अवस्थेत, चारही प्रॉडक्ट्समध्ये? याला आपल्या कॉलेजात एकच शब्द होता. कॉपी.

मी हे सगळं मोठ्या ऐटीत टेबलावर मांडलं. सहकाऱ्यानं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाला, "दोन दिवस दे." दोन दिवसांनी तो प्रिंटआउट घेऊन आला, आणि पुन्हा माझी पंचाईत झाली.

त्याचा मुद्दा असा. २००३ मध्ये त्याच जपानी गटानं माणसाचं आणि गिनीपिगचं मोडकं जनुक उंदराच्या चालू जनुकाशी ताडून पाहिलं. उंदरापेक्षा वेगळं अक्षर असलेल्या कितीतरी जागी माणूस आणि गिनीपिग यांच्यात तेच अक्षर निघालं. आता गिनीपिग हा उंदराच्या कुळातला, माणसाशी त्याचं जवळचं नातं कुणीच सांगत नाही. "मग या सामाईक चुका कुठल्या पूर्वजाकडून आल्या?" तो म्हणाला. "चुका वेगवेगळ्या घरीही त्याच जागी होऊ शकतात, हे तुमचेच लोक सांगताहेत. मग माकडांबद्दलही तेच झालं असेल."

मुद्दा बिनतोड वाटत होता. दोन-तीन रात्री मी पुन्हा चाळत बसलो, आणि उत्तर सापडलं ते आपल्या रोजच्या कामातलं, तेव्हा स्वतःवरच चिडलो. डिफ चुकीच्या व्हर्जनशी मारला होता!

बघा ना, उंदराचं जनुक चालतं म्हणून ते मूळ, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पण चालू असणं वेगळं आणि मूळ असणं वेगळं. उंदीरही काही कोटी वर्षं आपल्या वाटेनं चाललाय, त्याच्याही पोथीत त्याचे स्वतःचे पाठभेद शिरलेत. उंदरांत तर ते फार झपाट्यानं शिरतात. जिथे उंदराचं अक्षर बदललं आणि बाकीच्यांनी जुनंच ठेवलं, तिथे उंदराशी ताडून पाहिल्यावर बाकी सगळेच एकसारखे 'चुकलेले' दिसणार. पुढे गाय, कुत्रा यांचे जीनोम आले. त्यांची गुलो जनुकं चालू आहेत. ती शेजारी ठेवली तर त्यातल्या बऱ्याच जागी गाय आणि कुत्रा यांच्याकडेही माणूस आणि गिनीपिगचंच अक्षर आहे. म्हणजे वेगळा पडला तो उंदीर. उरलेल्या थोड्या जागा योगायोगात बसतात, कारण अक्षरं मुळात चारच आहेत.

गंमत म्हणजे महाभारताच्या अभ्यासकांनी हा खड्डा फार पूर्वी ओळखला होता. छापील महाभारत म्हणून वर्षानुवर्षं जी संहिता चालत होती ती बहुतांशी नीलकंठ चतुर्धरांची. हे सतराव्या शतकातले, मूळचे आपल्या कोपरगावच्या घराण्यातले, काशीत स्थायिक झालेले. त्यांची टीका छानच आहे, संहिताही सुबोध आहे. पण ती सुबोध आणि प्रचलित आहे म्हणून तिलाच मूळ धरलं असतं, तर तिच्यात नसलेलं सगळं इतरांचं चुकलेलं ठरलं असतं. सुखटणकरांनी ते केलं नाही. लांबलांबच्या, एकमेकींशी संबंध न आलेल्या पोथ्यांचं जिथे एकमत, तो पाठ जुना, असं त्यांनी धरलं. गाय, कुत्रा, माणूस आणि गिनीपिग यांचं एकमत म्हणजे दुसरं काय आहे?

आणि गिनीपिगचं जनुक मुळात मोडलंय वेगळ्याच ठिकाणी. त्याचा पहिला आणि पाचवा खंड नाही, सहाव्याचा काही भाग नाही. माणसाची मोडतोड निराळी. २०११ मधल्या एका अंदाजानुसार आपल्या वंशात हे जनुक सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी बंद पडलं, गिनीपिगच्या वंशात साधारण एक कोटी चाळीस लाख वर्षांपूर्वी. दोन वेगळ्या घरांतले दोन वेगळे अपघात. माकडं आणि माणूस यांचा मात्र एकच.

जनुक मोडूनही आपले पूर्वज मेले कसे नाहीत, हे आमच्या हिनं विचारलं. ते झाडांवर राहून फळं-पानं खात होते, क जीवनसत्त्व तोंडातच पडत होतं. ज्या फंक्शनला कुणी कॉल करत नाही त्यातला बग टेस्टिंगमध्ये पकडला जात नाही. बिल थेट वास्को द गामाच्या खलाशांच्या नावावर फाटलं.

हे एकटंच उदाहरण असतं तर मीही फार ताणलं नसतं. पण अशी भग्न देवळं डीएनएमध्ये जागोजागी आहेत. बिनदातांच्या बॅलीन देवमाशांत दातांच्या एनॅमलची मोडकी जनुकं आहेत. पेनसिल्व्हेनियात डोव्हर गावच्या शाळेचा खटला २००५ मध्ये चालला, तेव्हा केनेथ मिलर यांनी न्यायालयात माणसाच्या दुसऱ्या गुणसूत्राची साक्ष काढली होती. दोन गुणसूत्रं टोकाला टोक जोडली जाऊन ते झालंय आणि सांध्याची खूण अजून दिसते. निकाल शाळा मंडळाच्या विरोधात गेला. इकडे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला आणि अठराशेहून अधिक शास्त्रज्ञ-शिक्षकांनी पत्र लिहून निषेध केला. बारावीला तो आहे, पण बारावीला बायॉलॉजी सोडणारे माझ्यासारखे किती असतात ते आपल्याला ठाऊक आहे. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ मध्ये आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात मात्र पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांतीचा होता, हे मुद्दाम सांगावंसं वाटतं.

सहकाऱ्याचं काय झालं? त्यानं डिफचा मुद्दा ऐकला, कागदावर स्वतः आकृती काढून पाहिली आणि म्हणाला, "हे मला आधी सुचायला हवं होतं." देव त्यानं सोडलेला नाही, मी सोड म्हटलंही नव्हतं. रविवारचा वर्ग चालू आहे. पण लायब्ररीचा दाखला आता तो देत नाही, आणि मीही 'पुस्तकात आहे' म्हणत नाही.

काकांना मी सगळं मराठीत लिहून पाठवलं, सात वर्षं उशिरा. चार दिवसांनी त्यांचा फोन आला. "सुखटणकरांचं पटलं रे," म्हणाले. "माकडाचं अजून बघतोय." मग थोडं थांबून, "आपल्या अंगणातल्या पपईवर बुलबुलाची जोडी रोज येते. तुझ्या काकूला म्हटलं, आता हाकलू नको, त्यांना औषध लागतं ते."

चूभूद्याघ्या.